गाडी विकू का, असं विचारणाऱ्या सिन्नरच्या भाऊंना

या वेळचं पत्र एका ट्रकवाल्या भाऊंचं आहे. मोठं होतं, मी थोडं कमी करून देते, शब्द त्यांचेच ठेवलेत.

"ताई, मी सिन्नर तालुक्यातला. स्वतःची बारा चाकी आहे, फायनान्सवर घेतलेली, ३८ हजार हप्ता, अजून दोन वर्षं बाकी. पिंपळगाव-लासलगावचा कांदा भरून कोलकाता लाईन करतो. जायला चार दिवस, तिकडं रिटर्न भाड्याची वाट बघण्यात तीन-चार दिवस, यायला पाच. महिन्याला दोन फेऱ्या होतात, मधे दीड-दोन दिवस घरी. डिझेल, टोल, खर्ची सगळं जाऊन फेरीला ३८ हजाराच्या आसपास उरतात, म्हणजे एक फेरी हप्त्याला आणि एक घराला. मागच्या वेळी घरी आलो तर मुलाच्या शाळेचा फॉर्म दिसला, अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा त्या रकान्यात मिसेसने तिच्या भावाचा नंबर लिहिला होता. वडील म्हणून माझं नाव होतं, नंबर नव्हता. डोकं फिरलं, बोलाचाली झाली, ती म्हणाली तुम्ही असून नसल्यासारखेच. मी त्याच रात्री गाडी काढली, एक दिवस आधीच. आठ दिवस झाले, धड बोलणं नाही. गाडी विकून माळेगाव एमआयडीसीत कामाला लागू का? की तिलाच समजवायचं? तुम्हीच सांगा."

भाऊ, आधी जे तुम्हाला आवडणार नाही ते बोलून घेते. वहिनींनी फॉर्म बरोबर भरलाय. तुम्ही संबळपूरच्या पुढं कुठंतरी असताना शाळेतून फोन आला की पोराला ताप भरलाय घेऊन जा, तर तुम्ही काय करणार होता, तिथून वहिनींनाच फोन लावणार आणि त्या परत भावालाच पाठवणार, म्हणजे मामाच येणार. शाळेला एवढंच हवं असतं की अर्ध्या तासात दारात कोण उभं राहील. त्या रकान्यात बाप कोण आहे असं विचारलेलंच नव्हतं. तुम्हाला लागलं हे मी समजू शकते, लागणारच, तेरा-तेरा दिवस स्टेअरिंगवर बसायचं ते कुणासाठी आणि घरी येऊन आपलाच नंबर नाही. पण ते लागलेलं तुम्ही सांगितलंच नाहीत, तुम्ही भांडलात आणि निघून गेलात. तेही रात्री, डोकं तापलेलं असताना, अर्धवट झोपेत, भरलेली गाडी घेऊन. यावर मी खरंच चिडलेय. पहाटे दोन ते पाच या वेळात डोळा लागतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त गाड्या पलटी झालेल्या बघितल्या असतील. पुढच्या वेळी कितीही भांडण होऊ दे, ओट्यावर झोपा, शेजाऱ्याकडं झोपा, गाडीत झोपा, पण गाडी चालू करू नका.

आता विकायचं बघू. हप्ते दोन वर्षं बाकी असताना घाईत गाडी काढली तर भाव पडूनच मिळतो, वरून फायनान्सवाल्याचं मुद्दल वळतं करून हातात काय राहतं ते आधी त्याच्याकडून लिहून घ्या, बऱ्याचदा फारसं काही राहत नाही. आणि एमआयडीसीत हेल्परची किंवा ठेकेदाराकडची नोकरी म्हणजे रोज घरी येणार हे खरं पण शिफ्ट करून. इतकी वर्षं स्वतःच्या गाडीचा मालक असलेला माणूस तिथं किती दिवस टिकेल हे तुमचं तुम्हालाच माहीत. मी नाही म्हणत नाही. पण रागाच्या आठव्या दिवशी हा निर्णय नको.

मला तुमच्या पत्रात दुसरंच काहीतरी खटकलं. जायला चार, यायला पाच, मधे तीन-चार वाट बघण्यात. म्हणजे महिन्यातले सहा ते आठ दिवस तुम्ही ना रस्त्यावर आहात ना घरी, तुम्ही कोलकात्याजवळ डानकुनीच्या बाजूला कुठल्यातरी पार्किंगमधे पडून आहात, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो आज लागेल उद्या लागेल. घरचे दिवस गेले कुठं असं शोधत असाल तर ते तिथं गेलेत. तुम्ही म्हणता गाडीचा धंदाच असा. हो, पण बघा, २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरची टॅक्सची नाकी गेली, २०२१ पासून फास्टॅग कंपल्सरी झाला, आपल्याकडं समृद्धी महामार्ग जून २०२५ मधे नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटर. रस्त्यावरचा वेळ वाचला की नाही? वाचला. मग तो घरी आला का? नाही आला. तो लोडिंगच्या दारात, खाली करायच्या रांगेत आणि रिटर्न भाड्याच्या वाट बघण्यात जिरला. तिथं कुणी मोजत नाही कारण उभ्या गाडीचा तुमचा दिवस बाकी सगळ्यांना फुकटच पडतो.

कायद्याचं म्हणाल तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती असं सगळं छान लिहिलेलं होतं, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू, एक गाडी आणि तिचा मालकच ड्रायव्हर याला कोण विचारतो. युरोपात २०२० साली नियम आला की कंपनीने ड्रायव्हरच्या फेऱ्या अशा लावायच्या की चार आठवड्यांत एकदा तरी त्याला घरी परतता येईल. म्हणजे तिकडंही हे दुखणं आहेच, फक्त तिकडं ते कागदावर आलंय. आपल्याकडं १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, चांगलंच आहे, पण घरी कधी पोचायचं ते तुम्हालाच ठरवायला लागणार.

म्हणून हिशेब असा मांडा. फेरीला किती उरले हे बघू नका, दिवसाला किती उरले ते बघा. कोलकात्याचे तेरा दिवस आणि ३८ हजार, म्हणजे दिवसाला २,९०० च्या थोडं वर. आता समजा तुम्ही नागपूर लाईन धरली, कळमना मार्केटला कांदा, आपल्या सिन्नरच्याच गोंदे गावाजवळ समृद्धीवर चढायचं, येताना बुटीबोरीचा माल किंवा सिझनला संत्री, लोडिंग-खाली धरून पाच दिवसांची फेरी आणि समजा १४ हजार उरले. दिवसाला २,८०० झाले. महिन्यात अशा पाच फेऱ्या म्हणजे ७० हजार, २५ दिवसांत. आणि कोलकाता दोन फेऱ्या ७६ हजार, २६ दिवसांत. फरक सहा हजाराचा. पण एकात महिन्यातून दोनदा घर, एकात पाच वेळा. माझे आकडे समजा म्हणून धरलेत, समृद्धीचा टोल जड आहे, कांद्याचं भाडं बाजाराप्रमाणं वरखाली होतं हे मला माहितीये, तुम्ही तुमच्या वहीतले खरे आकडे घाला, टायर आणि इन्शुरन्सपण धरा. कदाचित फरक सहा ऐवजी बारा हजार येईल. येऊ दे. मग तुमच्यापुढचा प्रश्न निदान खरा होईल, की पोराच्या वाढीतले एवढे दिवस आपल्याला महिना बारा हजाराला घ्यायचेत का. हा प्रश्न तुम्ही एकट्याने सोडवायचा नाही, वहिनींना सोबत घेऊन वहीवर सोडवायचा. त्यांना कदाचित वाटेल की दोन वर्षं हप्ते फिटेपर्यंत कोलकाताच करा आणि नंतर सोडा. किंवा त्या म्हणतील भाजी कमी आणू पण या. तुम्ही विचारलंयत का कधी? पत्रात तरी दिसलं नाही.

सगळंच बदलायला हवं असंही नाही. महिन्यातली एक लांब फेरी ठेवा आणि बाकी जवळच्या करा, निदान पोराच्या परीक्षेच्या आणि सुट्टीच्या दिवसांत. ड्रायव्हर ठेवून एखादी फेरी पाठवायचा पर्यायपण असतो, पण चांगला ड्रायव्हर मिळत नाही आणि डिझेलची धाकधूक, हे तुम्हीच मला ऐकवाल, म्हणून सोडते.

घरी येण्याबद्दल मात्र सोडणार नाही. माझ्याकडं गाडीवाल्यांच्या बायकांची जी पत्रं येतात त्यात किती दिवस घरी असतात ही तक्रार कमीच असते. "येतो म्हणतात आणि येत नाहीत" ही जास्त असते. सोमवारी येतो म्हटलं, पोरगं सोमवारी शाळेतून पळत येतं, गाडी अजून अकोल्यात. मंगळवारी म्हटलं, मंगळवारी नाही. तिसऱ्यांदा ते विचारणंच सोडतं, आणि मग तुम्ही बुधवारी येता तेव्हा ते क्रिकेट खेळत असतं आणि तुम्हाला वाटतं पोराला माझं काही नाही. म्हणून वार सांगू नका, बुकिंग लागल्याशिवाय तर अजिबातच नाही. गाडीला जीपीएस असेल तर त्याचं लॉगिन वहिनींच्या मोबाईलमधे टाकून द्या, त्यांना कळेल गाडी कुठं आहे ते, विचारायला फोन नको आणि खोटं सांगायला नको. (लपवायसारखं काही असेल तर मग हा सल्ला तुमच्यासाठी नाही.)

आणि आल्यावर पहिला दिवस झोपेचा, हे घरात ठरवूनच टाका. बहुतेक भांडणं पहिल्या दिवशीच होतात. चार रात्रींची झोप डोळ्यावर, कानात अजून इंजिनचा आवाज, आणि त्यात मोबाईल का बघतोय, हा खर्च कशाला केला, गॅस एवढ्यात कसा संपला. अहो, तुम्ही नसताना त्या घराची एक घडी बसलेली असते, जेवायची वेळ, झोपायची वेळ, कोण कुठं बसतं सुद्धा. तुम्ही येऊन ती दीड दिवसात विस्कटता आणि निघून जाता, परत बसवायला वहिनींना चार दिवस लागतात. आल्या आल्या इन्स्पेक्टर व्हायचं नाही. जे चाललंय त्यात जागा मागा. एखादं काम तुमचंच म्हणून घ्या, सिन्नरचा आठवडे बाजार म्हणा, पोराला केस कापायला न्यायचं म्हणा, जे तुम्ही असाल तेव्हा दुसरं कुणीच करणार नाही.

रस्त्यावर असताना फोन गाडी उभी करूनच, शक्यतो रोज एकाच वेळी, रात्री जेवायला ढाब्यावर थांबता ती वेळ पोराच्या झोपायच्या आधीची ठेवली तर जमतं. आणि जेवलास का, अभ्यास केलास का एवढंच विचारू नका, त्याला दोन शब्दांत उत्तर असतं आणि फोन परत आईच्या हातात. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधे तुम्ही आहात का? नसणार. वहिनींना सांगा ॲड करून घ्यायला. बाईंनी काय पाठवलंय, उद्या चित्रकलेचं काय न्यायचंय, कुणाचा वाढदिवस झाला, हे सगळं रायपूरच्या पार्किंगमधे पडल्या पडल्या कळतं, मग संध्याकाळी विचारायला काहीतरी असतं. बापाला माझ्या वर्गातलं माहितीये एवढ्यानं पोरं खूश होतात.

सणांचंपण आधीच बघा. कोलकात्यात दुर्गापूजेला शहरात मालगाड्यांवर बंदी लावतात, त्या दिवसांत तिकडं अडकायचं म्हणजे आपला दसरा तिकडंच. यंदा नवरात्रात लांबचं भाडं घेऊच नका, खंडेनवमीला गाडी दारात धुऊन हार घालून उभी पाहिजे, आणि पूजा पोराच्या हातून करा. दिवाळीत आपल्याकडच्या बाजार समित्यांचे कांद्याचे लिलाव बरेच दिवस बंदच असतात, ती सुट्टी तुम्हाला मिळतेच, ती गाडीचं काम काढण्यात घालवू नका, पाटे आणि वायरिंग आधी करून घ्या.

आता आजचं काम. आज रात्री फोन करा. फॉर्मचा विषय तुम्हीच काढा आणि एवढंच म्हणा की मामाचा नंबर बरोबर आहे, तो पहिला राहू दे, दुसऱ्या नंबरला माझा टाक, मला लागलं म्हणून मी ओरडलो. "पण तू पण" असं पुढं काही जोडू नका, हात जोडते. समजवायचं वगैरे काही नाही, त्यांना सगळं समजतंय, तुम्ही तिकडं असताना घर त्याच चालवतायत. त्या लगेच गोड बोलतील असंही समजू नका, आठ दिवसांचा अबोला एका फोनने जात नाही, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत करा.

आणि वहिनींना सांगा, त्यांना वाटलं तर त्यांनीही मला लिहावं. तुमच्या पत्रात त्यांचं म्हणणं एकाच वाक्यात आलंय, आणि दुसऱ्या बाजूला अजून बरंच काही असणार. नाव-गाव नको, आणि तुम्ही ते पत्र वाचायला मागायचं नाही.