घास घशातच राहिला

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात रॅम्फोरिंकस नावाच्या उडणाऱ्या सरीसृपाचं चित्र आहे. ‘हा मासे खाऊन जगे’, असं खाली ठामपणे लिहिलंय. पंधरा कोटी वर्षांपूर्वी तो काय खात होता हे कुणी पाहिलं? दात बघून बांधलेला अंदाजच ना हा?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नुसते दातच हाती असते, तर तुमची शंका मी मान्य केली असती. दात बोलके आहेत खरे. वर वीस, खाली चौदा, सुईसारखे आणि पुढे झुकलेले. तोंड मिटलं की एकमेकांच्या फटीत बसणारे. निसटती शिकार धरायला असेच दात हवेत. पण त्यावरून निघतो तो तर्कच.

पुरावा जर्मनीतल्या बव्हेरियाचा आहे. तिथल्या झोल्नहोफेन भागातला चुनखडीचा दगड इतका बारीक पोताचा, की शिळाप्रेसच्या छपाईसाठी त्याची जगभर ख्याती झाली. रॅम्फोरिंकसच्या पंखांचा पातळ पडदासुद्धा या दगडात उमटून राहिलाय.

याच भागातल्या एका लादीचा अभ्यास एबरहार्ड फ्राय आणि हेल्मुट टिशलिंगर यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केला. लादीत रॅम्फोरिंकस आहे आणि त्याच्या घशात एक छोटा मासा, अजून पोटात न उतरलेला. म्हणजे घास गिळत असतानाच त्याला मरण आलं. कारणही शेजारीच दिसतं : अस्पिडोरिंकस नावाच्या लांब चोचीच्या मोठ्या माशाने त्याचा डावा पंख जबड्यात धरलाय. एवढं धूड गिळणं त्या माशाला शक्यच नव्हतं. पंखाच्या पडद्यातले चिवट तंतू दातांत गुंतले, त्याला ते सोडवता येईनात, आणि झटापटीत दोघेही तळाशी गेले. तळाच्या पाण्यात प्राणवायू नव्हता. म्हणूनच कुणी त्यांचे लचके तोडले नाहीत आणि तो क्षण जसाच्या तसा टिकला. माझ्या लेखी जीवाश्मांमध्ये याच्याइतका स्पष्ट जबाब क्वचितच मिळतो.

ही लादी अमेरिकेत वायोमिंग डायनासॉर सेंटरमध्ये आहे. रॅम्फोरिंकस मात्र डायनासोर नव्हे. तो टेरोसॉर, डायनासोरांचा भाऊबंद. मुलीला हे जरूर सांगा.

आणि तुम्ही मालवणचे, म्हणून एक जास्तीचं : माकूलसारख्या (म्हणजे स्क्विडसारख्या) एका प्राण्याच्या जीवाश्मात रॅम्फोरिंकसचा तुटलेला दात रुतलेला सापडलाय. तो माकूल बहुधा निसटला असावा.