चारही पॅराथायरॉइड शोधायच्या का?

टोटल थायरॉइडेक्टमीत, म्हणजे पूर्ण थायरॉइड काढताना, चारही पॅराथायरॉइड (थायरॉइडला लागून असलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) शोधायलाच हव्यात का आणि चरबीत त्या ओळखायच्या कशा, असं तुम्ही विचारलंय. रेसिडेंट असताना हा प्रश्न पडणं फार चांगलं.

मुद्दाम शोधत फिरू नका. चारही पाहण्याच्या नादात ओढाताण होते, बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि ग्रंथी जागेवर राहूनही निकामी होते. रक्तपुरवठ्याचं हे महत्त्व हॉलस्टेड आणि इव्हान्स या संशोधकांनी 1907 मध्येच दाखवलं होतं. म्हणून थायरॉइडच्या कॅप्सूलला (आवरणाला) चिकटून काम करा. इन्फिरियर थायरॉइड आर्टरी (या ग्रंथींनाही रक्त पुरवणारी धमनी) मुळाशी बांधू नका; तिच्या फांद्या पॅराथायरॉइडच्या पलीकडे, थायरॉइडलगत एकेक करून बांधा.

वरची ग्रंथी सहसा जागा सोडत नाही. रिकरंट नर्व्ह (स्वरयंत्राची नस) आणि इन्फिरियर थायरॉइड आर्टरी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या साधारण सेंटिमीटरभर वर, नर्व्हच्या मागच्या अंगाला बघा. खालची गर्भात थायमसबरोबर उतरते, त्यामुळे तिचा भरवसा नाही. पण ती नर्व्हच्या पुढच्या अंगाला असते.

ओळखताना घाई नको. मसुरीच्या डाळीएवढी, पिवळसर तपकिरी, कडा रेखीव. हलकेच ढकललं तर भोवतालच्या चरबीत ती अख्खी सरकते. चरबी फिकट असते, लिम्फ नोड करडा आणि घट्ट. रक्त झिरपलं की चरबीही तपकिरीच दिसते, तेव्हा फील्ड कोरडं ठेवणं हेच अर्धं काम.

ऑटोफ्लुरोसन्स कॅमेऱ्याला (ग्रंथीची स्वतःची चमक टिपणाऱ्या) अमेरिकेत 2018 मध्ये परवानगी मिळाली. पण रक्तपुरवठा तुटलेली ग्रंथीही त्यात चमकते! रक्त पोहोचतंय का हे बघायला आयसीजी (शिरेतून द्यायचा चमकणारा रंग) लागतं.

स्पेसिमेन, म्हणजे काढलेली थायरॉइड, पॅथॉलॉजीला पाठवण्याआधी उलटसुलट करून स्वतः बघा. त्यावर ग्रंथी सापडली, तर थंड सलाइनमध्ये ठेवा. ती पॅराथायरॉइडच आहे ना, हे बघायला बारीक तुकडा फ्रोझनला (गोठवून केलेल्या झटपट तपासणीला) पाठवा. कॅन्सरच्या केसमध्ये हे टाळूच नका. खात्री झाली की मिलिमीटरभर तुकडे करून स्टर्नोमास्टॉइडमध्ये (मानेच्या स्नायूत) रोवा आणि न विरघळणाऱ्या टाक्याने जागा खुणावून ठेवा.

शेवटचं, पण तितकंच गरजेचं: व्हिटॅमिन डी आधीच तपासून कमतरता भरून काढा. ऑपरेशननंतर पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) तपासा. कॅल्शियम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही घसरू शकतं, म्हणून ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर रात्री-अपरात्रीही लगेच फोन करा, हे पेशंटला आणि घरच्यांना डिस्चार्जच्या वेळी समजावून सांगा.