क्रीमचं नंतर, आधी डिओ घरी ठेवा

नोव्हेंबरात राजगड, आदल्या रात्री पायथ्याच्या गुंजवण्यात मुक्काम, सोबत आठ वर्षांची लेक. डास-किड्यांसाठी कुठलं क्रीम न्यावं, असं विचारलंय तुम्ही.

डासांचं पटकन सांगतो. डीट किंवा पिकारिडिन, ही डास पळवणारी रसायनं असलेलं काहीही चालेल. आधी सनस्क्रीन, त्यावर हे. लेकीच्या पंजांना लावू नका, हात तोंडात जातात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त झोपताना लावून भागत नाही. मच्छरदाणी घरूनच न्या.

पावसाळ्यानंतर वाटेवर गुडघाभर गवत असतं. त्यातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. पँट मोज्यांत खोचा, गवतात लोळू नका. परतल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप आला, अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ट्रेकचं आवर्जून सांगा. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो.

मला खरी धास्ती आग्या मोहोळाची, म्हणजे मोठ्या रानमधमाश्यांच्या पोळ्याची. कड्याच्या कपारीला काळपट पडदा लटकल्यासारखं दिसतं. एका गडावर आमच्यातल्या एकाने बरोबर त्याच्याखाली बसून काखेत डिओ मारला. आधी एकच माशी कपाळावर आदळली. त्याने ती चापटीने मारली आणि संपलंच! चिरडलेल्या माशीच्या, डंखाच्या वासाने बाकीच्या पिसाळतात. मला अकरा डंख. कातडीत रुतलेला काटा आणि त्याच्या टोकाची इवलीशी पिशवी मी जवळून पाहिली; माशी गेली तरी ती आकसत होती, म्हणजे विष आत ढकलणं चालूच! मित्राने बसच्या पासच्या कडेने खरवडून काढले. नखाने काढा, कशानेही काढा, पण लगेच.

म्हणून अत्तर, डिओ, शेकोटी, आरडाओरडा मोहोळाजवळ नको. कपडे फिके घाला. माश्या उठल्याच तर हात झाडत उभे राहू नका. तोंड-डोकं झाकून, लेकीला कवेत घेऊन लांब पळा. बंद खोली किंवा गाडी मिळाली तर उत्तम. वाट कड्याची असेल तर मात्र पाय सांभाळून. गडावरच्या पाण्याच्या टाक्यात उडी मारायची नाही, डोकं वर काढेपर्यंत त्या घोंघावत थांबतात.

नुसती सूज, आग असेल तर गार पाण्याची पट्टी पुरते. ॲलर्जीच्या औषधाचा डोस लेकीच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरला, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ लावा आणि गावातली एखादी जीप मिळते का, तेही बघा. रात्री जेवताना घरमालकाचा नंबर घेऊन ठेवा.