ती गुणगुणायची कधी थांबली?

मिरजेहून एका आईचे तीन पानी पत्र आले आहे. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत शिकते. गेल्या गणेशोत्सवात एका मंडळाच्या स्पर्धेत तिने लावणी म्हटली, पहिले बक्षीस मिळाले, चित्रफीत मोबाइलवरून गावभर फिरली आणि तेव्हापासून आमंत्रणांना खळ नाही. आईने तिच्या मापाची नऊवारी शिवून घेतली आहे. कोणत्या ओळीवर भुवई उडवायची आणि कोणत्या ओळीवर मान वेळावायची, हे आरशासमोर उभे करून पक्के बसवून घेतले आहे. पुढच्या महिन्यात एका वाहिनीच्या बालगायकांच्या स्पर्धेची निवड फेरी पुण्यात आहे. सासूबाईंना हे पसंत नाही. म्हणायचेच असेल तर पोरीने अभंग म्हणावेत, असे त्यांचे मत. गाणे शिकवणाऱ्या बाई म्हणतात, अजून दोन वर्षे अलंकार आणि पलटे, म्हणजे सुरांचा पायाभूत रियाज, होऊ द्या. पती कोणाचीच बाजू घेत नाहीत. कलेला वय नसते, बालगंधर्व आणि कुमार गंधर्व लहानपणीच गाजले, मुक्ताबाईंनीही कोवळ्या वयात अभंग रचले, मग माझ्या मुलीने लावणी म्हटली तर बिघडले कुठे, असे पत्रलेखिका विचारतात. शेवटी त्या लिहितात, 'लावणी की अभंग, एवढेच सांगा.'

नमस्कार.

दुसऱ्या पानाच्या तळाशी, मुलीच्या गळ्याची काळजी कशी घेता हे सांगताना, हळद-दूध, ज्येष्ठमध आणि फ्रिजचे पाणी बंद या यादीच्या ओघात तुम्ही एक वाक्य लिहून गेला आहात: 'एक बरे आहे की हल्ली ती पूर्वीसारखी दिवसभर गुणगुणत नसते, त्यामुळे गळ्याला आपोआप विश्रांती मिळते.' त्याच्या पुढच्याच ओळीत तुम्ही सासूबाईंवर घसरलात. मला मात्र त्या वाक्यावरून पुढे जाता आलेले नाही. पत्र आले त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यात आहे, आणि तुम्ही ते 'एक बरे आहे' अशा शब्दांनी सुरू केले याचा राग अजून गेलेला नाही.

पूर्वी ती काय गुणगुणायची, तेही तुम्ही कंसात दिले आहे: जाहिराती, शाळेची प्रार्थना, हादग्याची गाणी, 'आणि काहीबाही'. पहिल्या पानावर तुम्ही कौतुकाने लिहिले आहे की ती तीन वर्षांची असताना कुकरची शिट्टी झाली, शिट्टीचा सूर तिने जसाच्या तसा धरला आणि त्यावर स्वतःचेच काहीतरी गात ती घरभर हिंडली. तुम्ही हातातले लाटणे तसेच धरून उभ्या राहिलात. म्हणजे या मुलीला गाणे आहे हे तुम्हाला कळले ते तिच्या गुणगुणण्यातून कळले. बक्षिसाची रक्कम तुमच्या लक्षात आहे, चित्रफीत किती जणांनी पाहिली तो आकडा तुम्ही दोन वेळा लिहिला आहे, पण ते गुणगुणणे नेमके कोणत्या आठवड्यात थांबले, हे तुम्हाला सांगता येणार नाही, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे ते मध्ये मध्ये येणार नाही. दहा वर्षांच्या मुलीने शृंगारिक लावणी म्हणू नये. सासूबाई समजतात त्या कारणासाठी नव्हे. लावणी हलकी मुळीच नाही. राम जोशी आणि होनाजी बाळापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत ज्यांनी ती रचली त्यांनी भाषेचा आणि लयीचा पुरता कस लावला आहे, आणि बैठकीची लावणी अदा करायला ठुमरीइतकीच तयारी लागते. पण लावणीतली बाई जाणती असते. ती बोलते त्याहून कितीतरी जास्त तिला ठाऊक असते आणि त्या न बोललेल्यावरच लावणी रंगते. तुमच्या मुलीला ते ठाऊक नाही, आणि असू नये. सुलोचना चव्हाण डोक्यावरून पदर घेऊन, जागच्या जागी उभ्या राहून लावणी गात. सगळा ठसका आवाजात असे. मग आरशासमोर बसवून घेतलेली तुमची ती भुवई लावणीत कुठून आली? ती बघणाऱ्यांनी हसावे म्हणून आली. लहान तोंडी मोठा घास पाहून मोठी माणसे हसतात, आणि त्यांतली काही ज्या तऱ्हेने हसतात ते तुम्हाला पहिल्या रांगेतून दिसले नसेल, असे मी धरून चालते. नृत्याच्या कार्यक्रमांत मुलांकडून वयाला न शोभणारे हावभाव करवून घेऊ नका, असे माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला जून २०१९ मध्ये वाहिन्यांना लेखी सांगावे लागले होते. तुमच्या घरातल्या आरशापर्यंत कोणते मंत्रालय येणार? आणि तमाशाच्या फडांवर मुली कोवळ्या वयात बोर्डावर उभ्या राहत त्या पोटासाठी. तुमच्या घरावर तशी वेळ आलेली नाही.

हे वाचून सासूबाई खूश होतील, म्हणून त्यांनाही सांगते. लावणी काढून अभंग ठेवला की प्रश्न मिटला, असे तुम्ही दोघी समजता. तसे केलेत तर भुवईच्या जागी मिटलेले डोळे येतील, नथीच्या जागी तुळशीची माळ येईल, आणि आरसा तोच राहील. मुलगी अभंगही तुमच्याकडे बघत बघत, चुकले तर काय होईल या धाकात म्हणेल, आणि घरी आल्यावर गप्प बसेल.

शब्द मोठ्यांचे असले की गाणे मुलांना वाईटच, असेही मला म्हणायचे नाही. तुमच्या भागातला हादगाच बघा. माहेरी जायला निघालेल्या सुनेला सासू अटींवर अटी घालत राहते, सून एकेक अट पुरी करते आणि सासूला नवी अट सुचते, हे सगळे सात-आठ वर्षांच्या मुली पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या. एके काळी तर त्यांतल्या कित्येकींना वर्षा-दोन वर्षांत तो सासुरवास खरोखरच भोगायचा असे. तरी ते गाणे त्यांना जड झाले नाही. मधोमध हत्तीचे चित्र, भोवती फेर, सगळ्याजणी एकदम म्हणणाऱ्या, ऐकायला म्हणून कोणी बसलेले नाही, आणि लक्ष सगळे डब्यातली खिरापत ओळखण्याकडे. एखादीचा सूर चुकला तर तो शेजारणीच्या आवाजात बुडून जातो. तुमची मुलगी ही गाणी गुणगुणत होती, तेव्हा तिच्या वयाला काय शोभते हे ठरवायला तिला तुमची, सासूबाईंची किंवा माझी गरज पडली नव्हती.

मुक्ताबाईंचे उदाहरण तुम्ही द्यायला नको होते, कारण ते तुमच्यावरच उलटते. परंपरा सांगते त्याप्रमाणे ताटीचे अभंग हे रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना धाकट्या बहिणीने घातलेले साकडे आहे. श्रोता एकच, तोही दाराआड. बालगंधर्वांचे म्हणाल तर टिळकांनी त्यांना ते नाव दिले १८९८ मध्ये, नारायण राजहंस तेव्हा दहा वर्षांचे होते, आणि ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले १९०५ मध्ये. मधली सात वर्षे तुम्ही सोडून दिलीत. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत आणि लोक तोंडात बोटे घालत, हे खरेच आहे. असा कमावता चमत्कार घरात असताना वडिलांनी त्यांना अकराव्या वर्षी मुंबईला बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवले, आणि आज आपण ज्या कुमारांचे नाव घेतो ते त्या नकलांसाठी घेत नाही.

गाणे शिकवणाऱ्या बाईंना तुमच्या तीन पानांत एक ओळ मिळाली आहे, तीही तक्रारीच्या सुरात. तुम्ही मिरजेत राहता. सतारमेकर गल्लीत जाऊन विचारा, वेलीवर पुरता पिकलेला आणि नीट वाळलेला नसेल तर भोपळा कोणी तंबोऱ्याला घेतो का. (दृष्टान्त द्यायचा नाही असे ठरवून लिहायला बसले होते, पण मिरजेच्या बाईला उत्तर लिहिताना हात आवरला नाही.) मुलींचा आवाजही बारा-चौदाच्या सुमारास बदलतो, मुलांसारखा तो फुटत नाही, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही इतकेच. मोठ्या बाईच्या पट्टीतल्या ट्रॅकवर छातीतून जोर काढून म्हणणाऱ्या मुलीच्या गळ्याला ज्येष्ठमध पुरत नाही. अलंकार-पलटे सांगणाऱ्या बाईंना हे तुमच्याआधी कळले आहे.

तेव्हा पुण्याची निवड फेरी रद्द करा. पुढे ढकलू नका, गाणे बदलून जाऊ नका, 'एवढी एक होऊन जाऊ दे' असे म्हणू नका. उद्या सकाळी फोन करून नाव काढून घ्या. फोन तुमच्या पतींनी केला तरी चालेल. या सगळ्या प्रकरणात त्यांच्याही वाट्याला काही काम येईल. मुलीला सांगताना 'आजीला आवडत नाही म्हणून' असे सांगू नका, म्हणजे तिच्या मनात आजी कायमची खलनायिका होणार नाही. 'आईने घाई केली, आता आई थांबते आहे,' एवढे सांगा. ती रडेल. दोन-तीन दिवस नऊवारीची घडीही मोडून बघेल. आणि मग कदाचित विचारेल की आता मी काय म्हणू. इथे तुमची खरी परीक्षा आहे, कारण उत्तर द्यायला तुमची जीभ शिवशिवेल. देऊ नका. 'तुझे तू बघ,' म्हणा. बाईंचा वर्ग चालू राहू द्या, आणि त्यात काय शिकवायचे ते बाईंवर सोपवा. घरात पाहुणे आले की 'काकांना म्हणून दाखव' हे वाक्य कोणीही उच्चारायचे नाही, सासूबाईंनीसुद्धा अभंगासाठी उच्चारायचे नाही. किती दिवस, असे तुम्ही विचाराल. ती पुन्हा आपणहून गुणगुणू लागेपर्यंत. महिना लागेल, वर्ष लागेल. तोवर स्टेज नाही.

एखाद्या संध्याकाळी शाळेतून येऊन, दाराशी बसून बुटाची नाडी सोडताना तिच्या तोंडून काहीतरी निघेल. साबणाची जाहिरात असेल, कदाचित तीच लावणी असेल, अर्धवट, भुवईशिवाय. तेव्हा तव्यावरची चपाती करपली तरी करपू द्या, पण स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊ नका, 'पुन्हा म्हण' म्हणू नका, आणि मोबाइल जिथे असेल तिथेच पडू द्या.