मुलगा फोटो स्टुडिओ टाकायचा म्हणतो : येवल्याच्या एका वडिलांना उत्तर

पत्राचा सारांश : 'येवल्यात आमचे किराणा दुकान आहे. मुलगा यंदा वाणिज्य शाखेतून बारावी झाला. गुण जेमतेम साठ टक्के. पुढे शिकण्याऐवजी त्याला फोटो स्टुडिओ टाकायचा आहे आणि कॅमेरा व लेन्ससाठी तो अडीच लाख रुपये मागतो आहे. नको म्हटले की दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण देतो. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना दुकानात फोटो काढायला कोण येणार? या धंद्याचे काही शिक्षण असते का? नातेवाईक तर विचारतात, फोटोग्राफरला मुलगी कोण देणार? आपण मार्ग दाखवावा.'

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

आपली शंका अगदी रास्त आहे, आणि तिचा काही भाग खरा ठरलेलाही आहे. सहलीचे, वाढदिवसाचे, सणावाराचे फोटो मोबाइलने घेतले ते कायमचेच. आधार केंद्रावर आणि पासपोर्ट सेवा केंद्रावर अर्जदाराचा फोटो तिथल्या तिथे काढला जातो, त्यामुळे तेही गिऱ्हाईक स्टुडिओकडून गेले. तरीही सिन्नर, मनमाड, सटाणा अशा गावांत माझ्याकडून मार्गदर्शन घेऊन गेलेली काही मुले स्टुडिओ चालवून घर चालवत आहेत. ती नेमके कोणते काम करतात हे कळले, तर आपल्या मुलाला ते झेपेल की नाही हे आपल्यालाच ठरवता येईल. म्हणून आधी त्या कामाविषयी लिहितो; पैशाचा प्रश्न त्यानंतर आपोआप लहान होईल.

सकाळी शटर उघडल्यापासून दुपारपर्यंत येतात ते बहुतेक अर्ज भरणारे लोक. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम यांत्रिक वाटते, पण त्यात नेमकेपणा फार लागतो. ३५ गुणिले ४५ मिलिमीटर आकाराचे आठ फोटो चार गुणिले सहा इंचाच्या एका कागदावर बसतात. अमेरिकेच्या व्हिसासाठी मात्र दोन गुणिले दोन इंचाचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा आणि चष्म्याविना काढलेला फोटो लागतो. 'नीट'साठी पासपोर्ट आकाराबरोबर पोस्टकार्ड आकाराचाही फोटो मागितला जात आला आहे, आणि आयबीपीएसच्या बँक परीक्षांच्या अर्जात २० ते ५० केबीमध्ये न बसणारा फोटो संगणक स्वीकारतच नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी घाबरलेला विद्यार्थी येतो, तेव्हा त्याची सही स्कॅन करून, फोटो योग्य आकारात बसवून आणि अर्ज पुढे गेल्याची खात्री करून देणारा माणूस त्याला हवा असतो. या कामात एका फोटोमागे थोडेच पैसे मिळतात, पण ते रोख असतात आणि जागेचे भाडे त्यातून निघते.

दुपारनंतरचे काम वेगळे असते. स्थळासाठी फोटो काढायला आईबरोबर आलेली मुलगी, पहिल्या वाढदिवसाचे बाळ, पन्नास वर्षांच्या संसारानंतर प्रथमच शेजारी बसून फोटो काढणारे आजी-आजोबा ही माणसे खुर्चीवर बसताच आखडतात. आजी पदर सावरते, आजोबा श्वास रोखून धरतात, आणि बाळ फ्लॅश उडाला की भोकाड पसरते. त्यांना बोलते करून, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगून, खांदे सैल पडेपर्यंत वाट पाहून नेमक्या क्षणी बटण दाबणे, हीच या धंद्यातली विद्या आहे. प्रकाशाचे ज्ञान तिच्या जोडीला लागते. मुख्य दिवा चेहऱ्याच्या बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर असावा, दुसऱ्या बाजूची सावली रिफ्लेक्टरने, म्हणजे उजेड परतवणाऱ्या फलकाने, हवी तेवढीच उजळावी आणि डोळ्यांच्या बाहुल्यांत प्रकाशाचा ठिपका दिसावा, एवढे जमले तरी साधा चेहराही जिवंत वाटतो. हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात ते जवळच्या अंतरामुळे. स्टुडिओतला माणूस दोन-अडीच मीटर मागे सरकतो आणि ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लावतो, तेव्हा चेहऱ्याची ठेवण जशी आहे तशी उतरते. गिऱ्हाइकाला हे कारण ठाऊक नसते, पण 'स्टुडिओतला फोटो बरा येतो' असे तो म्हणतो त्यामागे हेच असते.

रंग उजळ करून देण्याच्या मागणीविषयी मी आपल्या मुलाला थोडे सावध करू इच्छितो. विशेषतः स्थळाच्या फोटोत 'जरा गोरी करा' हे वाक्य त्याला नेहमी ऐकावे लागेल. मुरूम किंवा डाग पुसणे वेगळे आणि मुलीचा वर्णच बदलणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला नम्रपणे नकार देणारे स्टुडिओवाले मी पाहिले आहेत आणि त्यांची गिऱ्हाइके त्यामुळे कमी झालेली नाहीत.

आता ज्या कामाचा उल्लेख मुले कधीच करत नाहीत, पण लहान गावातल्या स्टुडिओला जे वर्षभर पुरते, त्याविषयी. घरात कोणी गेले की दहाव्याच्या आत मोठा, फ्रेम केलेला फोटो हवा असतो. नातेवाईक व्हॉट्सॲपवरून फिरून फिरून आलेले एक धूसर चित्र घेऊन येतात, किंवा वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातला एक समूहफोटो आणतात, ज्यात आजोबा तिसऱ्या रांगेत अर्धे झाकले गेलेले असतात. त्यातून तो चेहरा वेगळा काढायचा, मागची माणसे पुसायची, खांद्यावर दुसऱ्या फोटोतला सदरा बसवायचा आणि इतके करून घरच्यांना ते आजोबाच वाटले पाहिजेत. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी ॲप्स काही सेकंदांत चेहरा स्वच्छ करून देतात, परंतु त्या सफाईत गालावरचा व्रण, एका बाजूला झुकलेली मिशी आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या नाहीशा होतात, आणि मुलगी म्हणते, 'हे आमचे दादा नाहीत.' तेव्हा ॲपने केलेले काम कुठपर्यंत घ्यायचे आणि कुठे हाताने पुन्हा मूळ चेहऱ्याकडे यायचे, हे ज्याला समजते त्याच्याकडे लोक शेजारच्या गावांतूनही येतात. हे काम करताना समोर रडणारी माणसे असतात, घासाघीस करण्याची ती वेळ नसते, आणि नावातले एखादे अक्षर किंवा जन्म-मृत्यूच्या तारखेतला एखादा आकडा चुकला तर त्या घराचे दार कायमचे बंद होते. आपल्या मुलाचा स्वभाव उतावळा असेल, तर सर्वांत आधी याच जागी अडचण येईल.

लग्नाच्या ऑर्डरीतून मोठा पैसा येतो हे खरे, पण तो वर्षभर सारखा येत नाही. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते आणि आषाढात ती थांबते. चातुर्मासात, आणि अधिक मास आला तर त्या महिन्यातही, तारखा रिकाम्या राहतात. शिवाय लग्नाचा दिवस हा त्या कामाचा निम्माच भाग असतो. उरलेला निम्मा भाग संगणकासमोर जातो : हजारो फोटोंतून निवड, करिझ्मा अल्बमच्या (फोटो थेट पानांवरच छापलेल्या अल्बमच्या) पानांची मांडणी, आणि 'सिलेक्शन करून देतो' म्हणणाऱ्या पार्टीची महिनोन्‌महिने वाट पाहणे. निवड लांबली की अल्बम लांबतो आणि अल्बम लांबला की शेवटचा हप्ताही लांबतो. म्हणून विसार किती, मधला हप्ता केव्हा आणि अल्बम हाती देण्यापूर्वी किती रक्कम चुकती व्हायची, हे ऑर्डर घेतानाच लिहून घेण्याची शिस्त लागते. त्याचप्रमाणे, दोन वेगळ्या ठिकाणी डेटा उतरवल्याशिवाय मेमरी कार्ड पुसायचे नाही, हा नियम चांगले स्टुडिओवाले जेवणाखाणाच्याही आधी पाळतात, कारण गेलेले फोटो परत काढायला लग्न पुन्हा लागत नाही.

येवल्याचा म्हणून एक वेगळा फायदा आपल्या मुलाच्या पदरात आहे, तो त्याने ओळखलेला दिसत नाही. आपल्या गावात पैठणी विणली जाते आणि तिची विक्री आता मोबाइलवर पाठवलेल्या फोटोंवरूनही होते. पैठणीचा फोटो काढणे अवघड असते : जरीची तार प्रकाश परावर्तित करते, रेशमाचा रंग दिव्यागणिक बदलतो आणि साध्या ट्यूबलाइटखाली जांभळा निळ्याकडे झुकतो. रंग खरा दाखवणारे दिवे, मऊ पसरलेला प्रकाश आणि करड्या कार्डावरून साधलेला व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा समतोल) यांच्या साहाय्याने साडीचा रंग जसा आहे तसा दाखवता आला, तर 'फोटोत वेगळी दिसत होती' म्हणून माल परत येण्याचा विणकराचा त्रास कमी होतो. हे काम चातुर्मासातही चालते. मी त्याच्या जागी असतो, तर ड्रोनच्या आधी हे शिकलो असतो.

ड्रोनचा विषय निघाला म्हणून सांगतो. ड्रोन नियम २०२१ मध्ये लागू झाले असून कोणत्या भागात उडवता येते हे डिजिटल स्काय या शासकीय नकाशावर पाहावे लागते. आपल्या जिल्ह्यात ओझरचे विमानतळ आणि देवळालीचा तोफखाना असल्याने नाशिकच्या बाजूला ऑर्डर घेताना याकडे दुर्लक्ष करू नये.

कायद्याची आणखी एक बाब दुकान उघडण्यापूर्वीच ठाऊक असावी. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे एखाद्या मुलीचा फोटो छान आला म्हणून तो परस्पर दुकानाच्या काचेत किंवा इन्स्टाग्रामवर लावता येत नाही. लेखी संमती घ्यावी. लहान गावात अशा एका फोटोवरून दुकान बंद पडण्याची वेळ येऊ शकते.

शिक्षणाविषयी. या व्यवसायासाठी पदवीची अट नाही, पण शिक्षण सोडावे असे मी म्हणणार नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे, तिथे बी.कॉम.ला प्रवेश घेऊन काम करता करता तीन वर्षांत पदवी मिळवता येईल, आणि हिशेब, कर व कर्ज यांची समज दुकानात रोज उपयोगी पडेल. आयटीआयमध्ये डिजिटल फोटोग्राफर हा दहावीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो जवळपास कुठे चालतो याची चौकशी प्रवेशाच्या वेळी करावी. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेचे लघु अभ्यासक्रमही उत्तम असतात, पण ते आज नकोत. वर्षभर काम केल्यावर तिथे गेल्यास कोणते प्रश्न विचारायचे हे त्याला समजलेले असेल.

आणि फाळक्यांविषयी. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या माणसाचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या मुलाने द्यावे हे मला आवडले, परंतु त्याने ते पूर्ण द्यावे. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रणाबरोबर त्यांनी छपाईची तंत्रेही आत्मसात केली, गोध्र्याला स्टुडिओ काढला, पण प्लेगमध्ये पत्नी व मूल गमावल्यावर तो सोडला, पुढे पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली आणि छापखानाही चालवला. कॅमेरा विकत घेणे हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग होता.

यावरून अडीच लाखांचे उत्तर मिळते : आज देऊ नका. मुलाला येवल्यात, मनमाडला किंवा नाशिकमध्ये एखाद्या चालत्या स्टुडिओत एक पूर्ण वर्ष मदतनीस म्हणून राहू द्या, म्हणजे सराई आणि चातुर्मास दोन्ही त्याच्या अंगावरून जातील. सुरुवातीला तो दिवे धरील, कागद कापील, पार्टीला चहा सांगेल. मानधन नावापुरतेच मिळेल. त्या काळात आपण केवळ तीन गोष्टी पाहाव्यात. पावसाळ्यात काम नसताना तो दुकानात जातो का, अनोळखी म्हाताऱ्या माणसाशी तो दोन मिनिटे बोलू शकतो का, आणि कबूल केलेल्या वेळेला फोटो देतो का. किराणा दुकान आपण इतकी वर्षे चालवत आहात, तेव्हा या परीक्षेचे गुण देण्यास आपल्याइतका योग्य परीक्षक दुसरा मिळणार नाही.

वर्षानंतर उत्तर होकारार्थी आले, तर पैसा पुढील क्रमाने खर्च व्हावा असे मला वाटते : आधी चांगले दिवे, फोटो छापणारा प्रिंटर आणि इन्व्हर्टर, त्यानंतर वापरलेली पण तपासून घेतलेली कॅमेरा बॉडी आणि एकच चांगली लेन्स. लग्नासाठी लागणारा दुसरा कॅमेरा सुरुवातीला भाड्याने आणता येतो. कर्ज लागलेच तर मुद्रा योजनेत तारण लागत नाही. पन्नास हजारांपर्यंत शिशु आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर गट आहे. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. मोजकेच कामगार असलेल्या लहान दुकानाला राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ही सर्व कागदपत्रे मुलाने स्वतः भरावीत. आपण शेजारी बसावे, पण लेखणी हाती घेऊ नये.

राहिला नातेवाइकांचा प्रश्न. उत्पन्न अनियमित असलेल्या मुलाला स्थळे मिळायला उशीर लागतो, ही वस्तुस्थिती मी नाकारत नाही, आणि ती केवळ फोटोग्राफरांपुरती नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या व्यवसायाचा निर्णय मात्र सात-आठ वर्षांनी येणाऱ्या स्थळांवरून करू नये. तोपर्यंत त्याच्याकडे पदवी आणि बँकेच्या पुस्तकात तीन-चार वर्षांच्या नियमित नोंदी असतील, तर मुलीच्या वडिलांना दाखवायला काही हाती राहील.

मुलाने हे पत्र स्वतः वाचावे. कोणत्या स्टुडिओत जाणार हे ठरले की कळवावे, आणि येताना सोबत कॅमेऱ्याची किंमतपत्रके आणू नयेत; घरातल्या, गल्लीतल्या दहा वेगवेगळ्या माणसांचे मोबाइलने, खिडकीच्या उजेडात काढलेले चेहरे आणावेत. ते पाहून पुढचे बोलू.