सत्तावन्न हजारांची शाळा की वाडीतली शाळा?

प्रश्न : बाई, माझा मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. मुलगी चार वर्षांची आहे, अंगणवाडीत जाते. मिस्टर टेम्पो चालवतात. डिझेल आणि हप्ता जाऊन महिन्याला बावीस हजार हातात राहतात. तालुक्याच्या गावी, ११ किलोमीटरवर, इंग्लिश मीडियमची शाळा आहे. फी ३८,०००. व्हॅनचे महिन्याला १,१००, असे दहा महिने. वह्या-पुस्तकं शाळेतूनच घ्यायची, ५,५००. गणवेश, बूट, टाय मिळून ३,२००. जाऊबाईंचा मुलगा तिथंच दुसरीत आहे. पाहुणे आले की तो इंग्रजीत नाव-गाव सांगतो आणि आमचा नुसता बघत उभा राहतो. वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, दोन शिक्षक, ३४ मुलं. सासूबाई म्हणतात, तुझा नवरा तिथंच शिकला, काय बिघडलं? मिस्टर म्हणतात, तिथं शिकलो म्हणूनच टेम्पो चालवतोय. मुलाला इंग्लिश मीडियमला घालू, मुलीचं नंतर बघू, असं त्यांचं म्हणणं आहे. मी स्वतः मराठी माध्यमातून बारावी झाले आहे. एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?
— एक आई, जि. सांगली

उत्तर : ताई, तुमचं पत्र आल्यावर मी आधी वही घेऊन आकडे मांडले. फी ३८,०००, व्हॅनचे ११,०००, वह्या-पुस्तकं ५,५००, गणवेश ३,२००. बेरीज ५७,७००. तुमची वर्षाची मिळकत २,६४,०००. म्हणजे घरात येणाऱ्या प्रत्येक रुपयातले जवळजवळ बावीस पैसे एका मुलाच्या पहिलीला जाणार. आणि हा फक्त पहिलीचा हिशेब आहे. दोन वर्षांनी मुलगी पहिलीत येईल, तेव्हा आजच्याच दराने दोघांचे १,१५,४०० होतात, आणि आजचा दर तेव्हा राहणार नाही. टेम्पोचं इंजिन एकदा खोलायला काढलं की तुमच्या घरात काय होतं, हे तुम्ही मला सांगायला नको.

म्हणूनच ‘मुलीचं नंतर बघू’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३४ वर्षं शिकवलं. शेवटच्या दहा वर्षांत माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर मुली जास्त आणि मुलगे कमी दिसायला लागले. गावात मुलगे नव्हते असं नाही. सकाळी आठला पिवळी व्हॅन पाराजवळ थांबायची, मुलगे तिच्यात चढायचे आणि त्यांच्याच बहिणी दप्तर पाठीला लावून चालत माझ्याकडे यायच्या. तिसरीतल्या एकीने मला विचारलं होतं, ‘‘बाई, दादाच्या शाळेत असं काय शिकवतात जे मला नाही लागत?’’ त्या पोरीने शाळेबद्दल विचारलंच नव्हतं. आपल्या घरात आपली किंमत काय, हे ती विचारत होती. दोन्ही लेकरांना घालता येत नसेल, तर ती शाळा तुम्हाला परवडत नाही. मिस्टरांना हे माझं नाव सांगून ऐकवा.

आता मी माझ्या घरात काय केलं तेही सांगते, नाहीतर हे सगळं लोकाला सांगितलेलं ब्रह्मज्ञान होईल. मी स्वतः जिल्हा परिषदेची शिक्षिका, आणि माझ्या मुलाला मी इंग्लिश मीडियमला घातलं. माझ्या वर्गातल्या आयांनी मला तसं तोंडावर विचारलंसुद्धा. मी म्हणायचे, माझी बदली होते, त्याची शाळा बदलत राहील. खरं कारण तेच होतं, जे तुमच्या मिस्टरांचं आहे. आपलं मूल मागे राहील ही भीती.

तो तिसरीत असताना एका रविवारी मी त्याची सायन्सची वही उघडली. अक्षर मोत्यासारखं, पानापानावर लाल पेनाने ‘गुड’. झाडाचे भाग हा धडा होता. मी विचारलं, स्टेम म्हणजे काय? त्याने एका दमात म्हणून दाखवलं, ‘‘द स्टेम होल्ड्स द प्लांट अपराइट.’’ मला बरं वाटलं. आमच्या दारात शेवगा होता, त्याच्याच बुंध्याला टेकून तो रोज चपला घालायचा. मी म्हटलं, चल, आपल्या शेवग्याचा स्टेम दाखव बघू. तो झाडाकडे बघायला लागला, मग माझ्याकडे, आणि मग आत जाऊन वही घेऊन आला. वहीतल्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, ‘‘हा.’’ चित्रातल्या बाणाचं टोक जिथं होतं बरोबर तिथं बोट. त्याच आठवड्यात माझ्या वर्गात हाच धडा मराठीतून झाला होता आणि पोरं शाळेमागच्या ओढ्यावरून खोडं, मुळं, पानं ओंजळीने घेऊन आली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं लेकरू हुशार होतं, हे मला माहीत होतं. त्याला कळत नव्हतं ते झाड नव्हे, भाषा. आणि ते वर्गात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वही सुंदर होती.

तिथल्या शिक्षिकेला मी दोष देत नाही. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, स्वतः मराठी माध्यमात शिकलेली, महिना साडेसात हजारांवर राबत होती. दोन वर्षांत मुलाच्या वर्गाला चार शिक्षिका झाल्या. आपण ३८,००० भरतो तेव्हा वाटतं की ते शिकवण्यासाठी जातात. इमारत, बस, रंगीत फलक आणि संस्थेचं कर्ज यांतून उरलं तर शिकवणारीला मिळतं. चांगल्या खाजगी शाळा आहेत, मी पाहिल्या आहेत. तिथं शिक्षक वर्षानुवर्षं टिकतात. तालुक्याच्या शाळेत गेलात की हाच एक प्रश्न आधी विचारा : पहिलीला गेल्या तीन वर्षांत कोण कोण शिकवायला होतं?

वाडीतल्या शाळेचीही खरी बाजू सांगते. ३४ मुलं असतील तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दोनच शिक्षक मिळतात. साठ मुलांपर्यंत दोन. वर्ग चार. म्हणजे एकेक गुरुजी एका वेळी दोन इयत्ता घेणार. दोघंही मनापासून शिकवणारे असतील तर याने बिघडत नाही, धाकटी पोरं थोरल्यांचं ऐकून शिकतात. पण एकाची बदली झाली आणि जागा भरली नाही, किंवा एकाला निवडणुकीच्या कामाला धरलं, तर उरलेला एकटा चार इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं यांत बुडतो. माझ्यावर असं एक वर्ष आलं होतं. दिवाळीपर्यंत मी एकटी. त्या वर्षी चौथीची माझी मुलं भागाकारात कच्ची राहिली आणि पुढे हायस्कूलला गेल्यावर ती कच्चीच होती, हे मला त्यांच्या सरांनी सांगितलं. ते माझ्या मनातून जात नाही. तेव्हा ‘जिल्हा परिषद म्हणजे चांगलंच’ असं मी म्हणणार नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले. पण तुमचं लेकरू परितेवाडीला जाणार नाही. ते तुमच्या वाडीतल्या त्या दोन खोल्यांत बसणार आहे, तर त्या दोन खोल्याच बघितल्या पाहिजेत.

कशा बघायच्या? सासूबाईंना बरोबर घ्या आणि कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला जा. पंधरा ऑगस्टला किंवा स्नेहसंमेलनाला नको. आधी तिसरीतलं एखादं मूल जवळ बोलवा आणि दुसरीच्या बालभारतीतलं न शिकवलेलं पान वाचायला द्या. अडखळत का होईना, वाचून त्याने तुम्हाला काय लिहिलंय ते आपल्या शब्दांत सांगितलं, तर ती शाळा शिकवते आहे. मग दोन-तीन वह्या मागा. सगळ्या वह्यांत एकसारखं, चुका नसलेलं लिखाण असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं. चुका असलेली, खोडलेली, पुन्हा केलेली गणितं दिसली तर खुश व्हा. आणि गुरुजी वर्गात आहेत की व्हरांड्यात फोनवर, हे तर दिसेलच. हीच परीक्षा इंग्लिश मीडियमच्या शाळेची घ्या. तिथं गेटच्या आत सोडत नाहीत, असं म्हणाल. तर जाऊबाईंचा मुलगा घरातच आहे. त्याला प्रेमाने जवळ घेऊन त्याच्याच पुस्तकातलं पान वाचायला सांगा आणि अर्थ विचारा. त्याला चिडवायला नव्हे, आणि जाऊबाईंना दाखवायलाही नव्हे.

आणखी एक गोष्ट बहुतेक पालकांच्या ध्यानातच येत नाही. खाजगी शाळा म्हणजे सगळ्या फीवाल्याच असं नाही. आपल्याकडे संस्थेने चालवलेल्या पण शिक्षकांचे पगार सरकार देतं, अशा अनुदानित शाळा गावोगाव आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून आपल्या भागातली किती घरं त्या वाटेने वर आली! वाडीत चौथी झाली की पाचवीला बहुधा अशाच एखाद्या हायस्कुलात जायचं असतं. तुमच्या तालुक्याच्या गावी अनुदानित प्राथमिक शाळा आहे का, याची चौकशी करा. वाडीतली शाळा तुमच्या परीक्षेत नापास झाली, तर माझ्या मते दुसरा नंबर त्या अनुदानित शाळेचा, फीवाल्या शाळेचा तिसरा.

तुम्हाला खरी काळजी इंग्रजीची आहे, हे मला कळतं. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत आता सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून. तुमच्या शाळेत आहे का, विचारा. पण पहिली-दुसरीत त्यापेक्षा मोठी गोष्ट तुमच्या घरात आहे, ती म्हणजे तुम्ही. बारावी झालेली आई मराठी पुस्तक घेऊन रोज संध्याकाळी अर्धा तास बसली तर त्या मुलाला कशाची कमी पडत नाही. तेच पुस्तक इंग्रजीत असेल तर तुम्ही पहिल्याच महिन्यात बाजूला व्हाल आणि शिकवणी लावाल, तिचे पैसे तुमच्या हिशेबात धरलेलेच नाहीत. वाचायला एका भाषेत पक्कं आलं की दुसरी भाषा मूल पटकन धरतं. माझ्या मुलाला मी पाचवीला मराठी शाळेत, सेमीला आणलं. पहिलं वर्ष जड गेलं. आज तो पुण्यात नोकरी करतो आणि दिवसभर इंग्रजीतच बोलतो.

आता पैशाचं आणि कायद्याचं, थोडक्यात. खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा शिक्षण हक्क कायद्याखाली असतात आणि त्यांची ऑनलाइन सोडत निघते. आर्थिक दुर्बल गटासाठी वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, तुमचं तसं नाही. वंचित गटात, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी अशांत मोडत असाल तर मात्र अर्ज जरूर करा. पण तो लाभ आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी पुढ्यात येते, हे आत्ताच लक्षात ठेवा. ‘सीबीएसई पॅटर्न’ असा फलक दिसला तर त्या बोर्डाने शाळेला दिलेला संलग्नता क्रमांक विचारा. पॅटर्न म्हणजे मान्यता नव्हे. फी वाढवायला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते, त्याचा २०११ चा कायदा आहे. आठवीला आर्थिक दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ती पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. तिला बसता येतं ते सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला नाही.

तर माझं उत्तर असं. वाडीतली शाळा तुमच्या डोळ्यांना पटली तर दोघांनाही तिथंच घाला, चौथीपर्यंत. पोराच्या चार वर्षांचे २,३०,८०० होतात. सगळे शिल्लक पडतील असं मी म्हणत नाही, घर आहे, खर्च आहेत. निम्मे जरी बाजूला राहिले तरी पुढे दोघांच्या अकरावी-बारावीला किंवा डिप्लोमाला, जेव्हा फी खरोखर टाळता येत नाही, तेव्हा ते हाताशी असतील. मुलीच्या नावाने पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं काढा, वर्षाला अडीचशे रुपयांवरही ते चालू राहतं. आणि शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिच्यात चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. तुमच्यासारखी बारावी झालेली आई समितीत असली की गुरुजींची जागा रिकामी राहिल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज कोण करणार, हा प्रश्न वाडीला पडणार नाही. माझ्या त्या एकटीच्या वर्षी तसा अर्ज करणारं कुणी नव्हतं.

मिस्टरांना एवढंच विचारा की त्यांची शाळा नेमकी कुठे सुटली आणि का. पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही. बहुतेकदा ती चौथीत सुटलेली नसते.

जाऊबाईंशी अंतर पडू देऊ नका. त्यांचा मुलगा आणि तुमची दोघं संध्याकाळी एकाच अंगणात खेळणार आहेत. दुसरीचं वर्ष संपलं की त्याची इंग्रजी चित्रांची पुस्तकं मागून घ्या, आणि तुमच्या मुलाला वाचता यायला लागलं की त्याने भावाला मराठी गोष्टी वाचून दाखवाव्यात.