घरी नीट गाता येतं, पण खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांना माईक हातात आला की आवाज का थरथरतो?

भीतीमुळे, आणि त्याचा पहिला दणका श्वासाला बसतो. अ‍ॅड्रेनालिन हे घाबरल्यावर अंगात सुटणारं संप्रेरक वाढलं की श्वास वरवरचा होतो, तोंड कोरडं पडतं, स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळतात, मग लांब सूर धरायला हवाच पुरत नाही आणि तो हलतो. स्वरयंत्राला हुकूम देणाऱ्या नसा व्हेगस नावाच्या नसेच्याच फांद्या, हीच नस हृदयाचे ठोकेही सावकाश करते आणि लांब श्वास सोडताना तिचा जोर वाढतो, म्हणून गाण्याआधी दोन-तीन मिनिटं लांब श्वास सोडत तोंड मिटून गुणगुणा, जळगावला मी ज्या बायकांना शिकवते त्यांना याने खरंच फरक पडतो. पण घरीसुद्धा आवाज घोगरा असेल आणि तीन-चार आठवडे तसाच राहिला तर भीतीवर ढकलू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.